फुफ्फुसातल्या गाठीची बायोप्सी: सीटीवर, सोनोग्राफीवर की दुर्बिणीतून?

बाबांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ दिसली, डॉक्टर म्हणाले तुकडा काढावा लागेल, आणि घरात लगेच सल्ल्यांची जत्रा भरली. आत्या म्हणे सोनोग्राफीवर करा, स्वस्तात होतं. चुलतभाऊ म्हणे सुई लावली की कॅन्सर पसरतो (असं होणं अगदी क्वचित, त्या भीतीने बायोप्सी टाळू नका). खरं म्हणजे चॉईस आपल्या हातात फारसा नसतोच, गाठ कुठे बसलीय त्यावर सगळं ठरतं.

सोनोग्राफीवर होत असेल तर माझं मत सरळ आहे, तीच करा. रेडिएशन नाही, सुई आत जाताना स्क्रीनवर लाईव्ह दिसते, काम पटकन होतं. लिव्हर, मानेतल्या गाठी, थायरॉईड सगळं यात बसतं. पण हवेतून सोनोग्राफीच्या लहरी जात नाहीत, त्यामुळे फुफ्फुसाची गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तरच ती दिसते.

बाबांची गाठ आत होती, म्हणून सीटी. त्यांना पालथं झोपवलं, पाठीवर बारीक तारांची पट्टी चिकटवली, स्कॅन काढला आणि पेनाने खूण केली. मग भुलीचं इंजेक्शन, सुई थोडी आत, सगळे खोलीबाहेर, परत स्कॅन, सुई अजून थोडी आत, परत सगळे बाहेर. असं तीन-चार वेळा, आणि दर वेळी श्वास तेवढाच घेऊन रोखायचा, कारण श्वास कमीजास्त झाला की गाठ वरखाली सरकते. तुकडा घेताना स्टेपलरसारखा खट्ट आवाज येतो, तो येणार हे आधी सांगून ठेवा, बाबा दचकले होते. सीटीचा खरा तोटा म्हणजे फुफ्फुसाबाहेर हवा साठणं, म्हणजे न्यूमोथोरॅक्स. साधारण 100 पैकी 15 ते 25 जणांना होतो, बहुतेकांचा आपोआप जिरतो, थोड्यांना छातीत नळी टाकावी लागते. विडी-सिगारेटने फुफ्फुसं फुगलेली असतील किंवा गाठ खोल असेल तर धोका जास्त.

दुर्बीण (तोंडातून किंवा नाकातून श्वासनलिकेत घालतात ती), त्यातही ईबस (टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण), हा श्वासनलिकेला लागून असलेल्या गाठींसाठी आणि दोन फुफ्फुसांच्या मधल्या लिम्फ नोड्ससाठी (लसिका गाठींसाठी) उत्तम. हवा साठायचा धोका बराच कमी, आणि आजार नोड्सपर्यंत गेलाय का तेही त्याच वेळी कळतं. पण कडेच्या बारीक गाठीपर्यंत साधी दुर्बीण बऱ्याचदा पोचतच नाही.

सीटी ठरली तर दोन गोष्टी विचाराच. एक, एफएनएसी की कोअर? एफएनएसीत नुसत्या पेशी येतात, कोअरमध्ये टिश्यूचा दोऱ्यासारखा तुकडा येतो. कॅन्सर निघाला तर ईजीएफआर, एएलके वगैरे जनुकांच्या टेस्टला (औषध ठरवायला करतात त्या) माल लागतो, म्हणून जमत असेल तर कोअरच घ्या. दोन, बाटल्या किती? आमच्याकडे पहिल्यांदा सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रवात) गेला, नंतर डॉक्टर म्हणाले टीबी कल्चर (जंतू वाढवून बघायची टेस्ट) हवं होतं, पण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कसलं करणार, परत टोचावं लागलं. आपल्याकडे टीबी एवढा, तरी हे आधी कुणी विचारलं नाही याचा राग अजून आहे. एक तुकडा सलाईनमध्ये वेगळा ठेवायला सांगा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. क्लोपिडोग्रेल साधारण 5 दिवस आधी बंद करतात, पण स्टेंट असेल तर हार्टवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

झाल्यावर बाबांना टोचलेल्या बाजूवरच झोपवलं, बोलू नका, खोकू नका, दोन तासांनी एक्स-रे. तो क्लिअर येईपर्यंत चहा नाही म्हटल्यावर मात्र बाबांनी जे तोंड केलं ते सुई टोचताना पण केलं नव्हतं.