रुग्णसाहित्य भाड्याने घ्यायचंय? सदाशिव पेठेतल्या या दुकानाचा आमचा अनुभव

पाचपैकी पाच तारे देतेय. या दुकानात कॉट मागितली की आधी घराची चौकशी होते. कितवा मजला, लिफ्ट आहे का, संडासाचा दरवाजा किती रुंद, घरात लहान मुलं आहेत का, रात्री पेशंटजवळ कोण झोपणार. भाड्याचा विषय त्यानंतर निघतो. आमच्यासारख्या घरात, जिथे एकीकडे ऑपरेशन झालेला माणूस आणि दुसरीकडे अडीच वर्षांचं पोर आहे, तिथे या चौकशीचा किती आधार होतो ते मला सविस्तर लिहायचंय.

माझा नवरा ३८ वर्षांचा आहे. पाठ बरेच महिने दुखत होती, तो बेल्ट बांधून कामावर जात होता. मग एका सकाळी पायात चप्पल आहे की नाही तेच त्याला कळेना. बसायची जागा बधिर, रात्रीपासून लघवी झालेली नाही. आमच्या फॅमिली डॉक्टर बाईंनी दोन-चार प्रश्न विचारले आणि एक गोळीही न लिहिता थेट एमआरआयला पाठवलं. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती सरकून खालच्या नसांच्या जुडग्यावर दाबून बसली होती. याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. यात तास मोजायचे असतात. नसांवरचा दाब शक्यतो ४८ तासांच्या आत काढावा लागतो, जितका लवकर तितकं बरं, नाहीतर लघवी-संडासावरचा ताबा आणि पायातली ताकद कायमची जाऊ शकते. त्याच रात्री ऑपरेशन झालं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात पाठदुखीचा माणूस असेल तर एवढं लक्षात ठेवा: दोन्ही पायांत बधिरपणा, बसायच्या जागेची जाणीव जाणे, लघवी अडणे, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

थोरली पहिलीत आहे, धाकटा अजून नीट बोलतही नाही. ऑपरेशनच्या रात्री दोघं शेजारच्या काकूंकडे झोपली. सासूबाई सांगलीहून आल्या, पण त्यांचेच गुडघे इतके दुखतात की आमचे तीन जिने चढताना त्या प्रत्येक मजल्यावर बसतात. आम्ही धनकवडीत राहतो, जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्ट्रेचर वर न्यायला माणसं कुठून आणायची याचाच विचार डोक्यात चालू असताना डिस्चार्जच्या आदल्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी फॉलर कॉट (पाठ वर-खाली करता येते ती), एअर बेड (हवेची गादी), कमोड खुर्ची आणि वॉकर लागेल. उद्या दुपारपर्यंत.

पहिला फोन मी दुसऱ्याच एका ठिकाणी केला होता. तिथल्या माणसाने दर सांगितले आणि सामान तळमजल्यावर उतरवून देऊ, वर तुमचं तुम्ही न्या, म्हणाला. लोखंडी कॉट, तिसरा मजला, मी आणि सासूबाई. मी फोन ठेवला. हॉस्पिटलमधल्या एका मावशींनी, ज्या वॉर्डात रात्रपाळीला होत्या, या दुकानाचं नाव सांगितलं.

दुकान टिळक रस्त्यावरून आत गेलं की लागतं. जागा अरुंद आहे. वर व्हीलचेअर टांगलेल्या, खाली सलाईनचे स्टँड, एका भिंतीला कोविडच्या वेळचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ओळीने ठेवलेले. मालक काका साठीच्या पुढचे असतील. मी आत शिरून एका दमात यादी म्हणायला लागले तर म्हणाले, "ताई, आधी बसा. पाणी घ्या. डिस्चार्ज कार्ड आहे का बरोबर?" कार्ड अजून मिळालं नव्हतं, केस पेपरचा फोटो मोबाइलमध्ये होता. तो त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला आणि मग प्रश्न सुरू झाले.

मी इलेक्ट्रिक कॉट विचारली. रिमोटवर वर-खाली होते, मला कमी वाकावं लागेल असं मनात होतं. त्यांच्याकडे ती होती, भाडंही दुपटीहून जास्त होतं, पण त्यांनी दिली नाही. "अडीच वर्षांचं पोर आहे ना घरात? रिमोट त्याच्या हातात जाणार. पाठीचं ऑपरेशन आहे, एकदम पाठ उचलली गेली तर काय करायचं?" हाताने फिरवायच्या कॉटमध्येही दोन प्रकार असतात, हे मला तिथे कळलं. सेमी फॉलरला एकच हँडल, फक्त पाठ वर होते. फुल फॉलरला दोन, पाठीचं वेगळं आणि गुडघ्यांचं वेगळं. काकांनी फुल घ्यायला सांगितलं आणि कारणही सांगितलं. पाठ उचलली की माणूस हळूहळू खाली घसरतो आणि घसरताना कमरेखालची कातडी ओढली जाते. गुडघे थोडे वर असले की घसरत नाही. ज्याला त्या भागाची जाणीवच नाही त्याला कातडी सोलवटलेली कळणार कशी? पाठ किती वर करायची हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. "ते डॉक्टरांना विचारा, अंशात विचारा, आणि कागदावर लिहून कॉटला चिकटवा. घरात येणारा प्रत्येक पाहुणा उशी सारखी करायला जातो." अगदी तसंच होतं. तो कागद फार उपयोगी पडला.

संडासाच्या दरवाजाचं माप मला माहीत नव्हतं. काकांनी मला शेजारच्या काकूंना फोन लावायला सांगितला, काकूंनी शिवणाची टेप घेऊन मापलं आणि त्यावरून त्यांनी नेहमीच्या वॉकरऐवजी अरुंद वॉकर काढून दिला. आमच्याकडे संडास भारतीय पद्धतीचा आहे. कमोड खुर्चीचं भांडं काढून ती तशीच त्यावर ठेवता येते, पण खुर्चीचे पाय फरशीवर सपाट बसतात ना हे पाहायचं, पायाखाली उतार असेल तर नाही ठेवायची, हेही त्यांनीच सांगितलं. वॉकरची उंची घरी आल्यावर त्यांच्या मुलाने लावून दिली. हात सरळ खाली सोडला की मनगट जिथे येतं तिथे मूठ आली पाहिजे.

पैशांचं सांगते, कारण तेव्हा मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कॉट गादीसकट महिन्याला १,८०० रुपये, एअर बेड ७००, कमोड खुर्ची ३५०, वॉकर २००. सगळ्याचं मिळून डिपॉझिट ६,०००. टेम्पो आणि तीन मजल्यांची हमाली वेगळी, ती आधीच सांगून घेतली, दारात वाद नाही. पावती हाताने लिहिलेली पण तपशीलवार मिळते. यूपीआय चालतं. आमच्या मेडिक्लेममध्ये घरी भाड्याने आणलेल्या साहित्याचा खर्च बसत नव्हता, तेव्हा तो खिशातूनच धरून चाला. ज्यांना हेही जड जाईल त्यांच्यासाठी पुण्यात नाममात्र भाड्याने साहित्य देणाऱ्या सेवाभावी संस्था आणि मंडळं आहेत. काकांनी स्वतःहून मला तसं सुचवलं आणि तिथे मिळालं तर इथलं घेऊ नका म्हणाले. आपलं गिऱ्हाईक घालवून असं सांगणारा दुकानदार मी तरी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच छोटा हत्ती दारात. दोन पोरांनी कॉटच्या पट्ट्या सुट्ट्या करून वर चढवल्या आणि जोडल्या. "वहिनी, बेडरूममध्ये नको, हॉलमध्ये लावू," असं त्यांतला मोठा म्हणाला. मला ते पटत नव्हतं, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर नवरा पडलेला असणार. पण कॉटच्या तिन्ही बाजूंनी उभं राहता आलं पाहिजे, कूस बदलताना दोघं लागतात, आणि बेडरूममध्ये एक बाजू भिंतीला लागत होती. हॉलमध्ये लावली. पुढे कळलं की मुलांसाठीही तेच चांगलं होतं. बंद खोलीत आजारी बाबा आणि "आत जाऊ नका" असं झालं असतं. आता थोरली शेजारी खाली बसून अभ्यास करायची, बाबा झोपल्या झोपल्या शुद्धलेखन तपासायचे. धाकटा पहिल्या दिवशी लांब उभा राहून नुसता बघत होता. लघवीची पिशवी पाहून तो रडला. मग कॉट जोडायला आलेल्या त्या मोठ्या पोराने ती कॉटच्या पायथ्याकडच्या कडेला, मुलांच्या वाटेवर येणार नाही अशी लावून दिली. पिशवी मूत्राशयाच्या खाली राहिली पाहिजे आणि जमिनीला टेकता कामा नये, हे हॉस्पिटलमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतंच. वरून मी टॉवेल टाकत असे.

आणि हँडल. ही गोष्ट मला कधीच सुचली नसती. दोन्ही हँडल पायथ्याशी बाहेर आलेली असतात, बरोबर अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर. कॉट जोडणाऱ्या त्याच पोराने ती आत दुमडली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून घट्ट बांधून टाकली. ती पट्टी खिशात घेऊनच तो आला होता. काकांनी निघताना दिली होती. धाकट्याने त्या आठवड्यात किती वेळा ती ओढून पाहिली ते मी मोजलं नाही. सुटली नाही.

एअर बेडचा पंप हवा आलटून पालटून फुग्यांमध्ये भरतो, म्हणजे अंगाच्या एकाच जागेवर सतत दाब येत नाही. वर जाड गोधडी घालायची नाही, एकच चादर, ती पण सैल. सेफ्टी पिन जवळ आणायची नाही. बेडखालून पेशंटच्या कमरेखाली हात सरकवून बघायचा, बोटभर तरी हवा हाताला लागली पाहिजे. लाइट गेली तर नळ्यांना टोपण कसं लावायचं ते त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. कूस बदलायला चादरीपेक्षा जुनी सुती साडी चांगली, असं काका म्हणाले होते. सासूबाईंनी आपली मऊ झालेली एक दिली. चौघडी करून ती खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घातली की दोन्ही बाजूंनी धरून माणूस अखंड ओंडक्यासारखा वळतो, पाठ पिळवटत नाही. रात्री मी आणि सासूबाई मिळून वळवत असू. बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, भाजलेलं कळत नाही, हीसुद्धा ताकीद दुकानातूनच मिळाली. पाय दुखतात म्हणून ती पिशवी मी खरोखरच भरायला काढली असती.

तक्रार एक आहे. पहिला पंप रात्री फार घरघरत होता. कॉटच्या लोखंडाला टांगल्यामुळे आवाज आणखी घुमायचा आणि धाकटा दचकून उठायचा. नवऱ्याचा डोळा लागला की पोर जागं, पोर झोपलं की नवऱ्याची कूस बदलायची वेळ. सकाळी फोन केला, संध्याकाळपर्यंत दुसरा पंप आला, टांगायच्या जागी फोमचा तुकडा लावून. जुना परत नेताना पैसे मागितले नाहीत. पण द्यायच्या आधी दुकानात चालवून बघायला हवा होता, हे मी काकांना सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं. कॉटला रंगाचे पोपडे आहेत, एका चाकाचा ब्रेक कडक आहे. चालवून घ्यावं लागतं. रविवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी डिस्चार्ज असेल तर शनिवारीच सामान मागवा.

त्या दिवसांत लोक भेटायला आले, फळं आणली, धीर दिला. त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण रात्री साडेअकराला कॉटजवळ एकटी उभी असताना मला उपयोगी पडल्या त्या दुकानातून आलेल्या या बारीक सूचना, कारण त्या सांगणाऱ्याने माझं घर डोळ्यांसमोर आणलं होतं.

आता तो वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातो. लघवीची नळी निघाली. डावं पाऊल अजून नीट उचललं जात नाही, त्याला स्प्लिंट आहे, फिजिओथेरपी चालू आहे. कॉट, एअर बेड आणि खुर्ची आम्ही परत केली. थोरलीने कॉटच्या डोक्याकडच्या पत्र्यावर फुलपाखरांची स्टिकर लावली होती, काढताना थोडा रंग निघाला. मी त्याचे पैसे कापून घ्या म्हटलं. काकांनी पूर्ण डिपॉझिट मोजून दिलं आणि नवरा किती पावलं चालतो ते विचारलं.

जाणार असाल तर केस पेपर किंवा डिस्चार्ज कार्डाचा फोटो, मुख्य दार, संडास आणि बाथरूमच्या दरवाजांची मापं, आणि कॉट जिथे लावणार त्या जागेचा फोटो एवढं घेऊन जा. दुचाकीवर जा. गल्लीत सम-विषम पार्किंग आहे, फलक बघून लावा. सकाळी दुकान उघडता उघडता गेलात तर काका निवांत असतात, सगळं नीट समजावून सांगतात.