अगत्तीच्या लगूनमधली कासवफेरी: गाईड कसा निवडावा, पाण्यात काय सांभाळावं

लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट चार चौरस किलोमीटरचंही नाही, पण त्याच्या पश्चिमेचं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कडेने अडवलेलं उथळ पाणी, साडेसतरा चौरस किलोमीटर पसरलं आहे. लाटा बाहेरच्या प्रवाळाच्या कडेवरच फुटतात, म्हणून आतलं पाणी संथ राहतं आणि बऱ्याच भागात ते पुरुष-दोन पुरुषच खोल आहे. कोचीहून विमान थेट बेटावर उतरतं. प्रवेश परवाना मात्र आधी काढावा लागतो. गाईडसोबतची स्नॉर्कलिंग फेरी (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणं) घ्यावी का? नक्की घ्यावी, पण वेळ आणि गाईड पारखून.

इथलं खरं आकर्षण हिरवी कासवं. ती समुद्री गवत चरतात, त्यामुळे त्यांना गवताच्या पट्ट्यातच शोधायचं. एके काळी इथे त्यांची संख्या इतकी वाढली की चरून चरून कुरण उजाड झालं आणि बरीच कासवं कवरत्ती, कडमत या इतर बेटांच्या लगूनकडे सरकली. गवत गेलं म्हणून मासे कमी झाले, असं स्थानिक मच्छीमारांचं म्हणणं आहे. कासवांबद्दल त्यांच्या मनात म्हणूनच नाराजीही आहे. चांगला गाईड हेही सांगतो. ‘पन्नास कासवं दाखवतो’ म्हणणाऱ्यापेक्षा आज गवत कुठे आहे आणि कासवं कुठे चरताहेत हे सांगणारा निवडावा.

वेळ सकाळची आणि चढत्या भरतीची. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी प्रवाळाच्या कडेवरून आत येतं. ओहोटीला तेच पाणी गाळ उचलून लगूनच्या तोंडातून बाहेर पडतं, आणि तिथे ओढ असते. कोकणाच्या मानाने इथे भरती-ओहोटीतला फरक कमी, पण उथळ प्रवाळावर हातभर पाण्यानेही फरक पडतो: पाणी उतरलेलं असेल तर पोट आणि गुडघे घासतात. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) ओढ जास्त, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) कमी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भांगाचे दिवस साधावेत. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल.

मास्क पाण्यात उतरण्याआधी तपासा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर टिकला तर बसतो. केस आत अडकले किंवा मिशी कडेखाली आली की पाणी झिरपतं. अशा वेळी लोक पट्टा आवळत जातात, त्याने गळती वाढते आणि कपाळ दुखतं. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आतून थुंकी किंवा पातळ केलेला बेबी शाम्पू चोळून हलकं विसळायचं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का, ते आधीच विचारा. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क टाळा: झडप बिघडली तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत घेतला जातो, आणि घाबरल्यावर तो झटकन काढता येत नाही.

पोहता येत नसेल तरी फेरी करता येते, पण लाईफ जॅकेटचा मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधलेला असावा, नाहीतर जॅकेट कानापर्यंत चढतं. पहिली दहा मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात फक्त श्वासाचा सराव. नळीत पाणी शिरलं तर तोंडातून जोरात एक फुंकर मारायची. हा सराव न करवता थेट होडीतून उडी मारायला लावणाऱ्या गाईडला तिथेच नकार द्या. एका गाईडमागे चारपेक्षा जास्त माणसं असली तर मागच्यांकडे लक्ष राहत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दमल्यावर. माणूस उभा होतो, पायातले फिन (पोहण्याचे रबरी पंख) खाली जातात आणि प्रवाळावर आपटतात. १९९८, २०१० आणि २०१६च्या उष्ण पाण्याने इथलं बरंच प्रवाळ आधीच विरंजित होऊन (रंग जाऊन पांढरं पडून) मेलं, आणि तुटलेली फांदी पूर्वीएवढी व्हायला वर्षं लागतात. दम लागला तर पाठीवर तरंगा किंवा गाईडची तरंगती रिंग धरा. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तुकडा खिशात घालणं हा गुन्हा.

कासव दिसल्यावर थांबायचं. बाजूने, निदान तीन मीटर अंतरावरून पाहायचं; डोक्यावर जायचं नाही आणि वर यायची वाट अडवायची नाही, कारण चरणारं कासव दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर येतं. मान उचलून ते पंख जोरात मारू लागलं तर तुम्ही जवळ गेला आहात. अंतर राखलं तर ते खुशाल चरत राहतं, आणि गवत तुटल्याची हालचाल स्पष्ट दिसते.

कासवांखेरीज पोपट मासे, समुद्री काकड्या, मोठे शिंपले आणि वाळूत दबलेली पाकट दिसतात. नशीब असेल तर पराचं टोक काळं असलेली छोटी मुशीही (शार्क) दिसते. ती तुमच्यापासून दूरच पळते. तळावर पाय ठेवू नका: स्टोनफिश दगडासारखाच दिसतो आणि त्याचे काटे विषारी असतात. दंश झालाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून लगेच दवाखाना गाठा.

अंगाला सनस्क्रीन फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. पाठ आणि पोटऱ्या सर्वात आधी भाजतात. स्नॉर्कलिंग करून त्याच दिवशी विमानाने परतता येतं. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी) केलं असेल तर विमानाआधी निदान १८ तास मोकळे ठेवावे लागतात, तेव्हा दोन्ही करायचं असेल तर स्कूबा आधी आणि कासवफेरी शेवटच्या सकाळी.