काडीवरून काय कळणार!

कॅनडातल्या कॅल्गरीत हिवाळ्यात उणे तीस अंश म्हणजे नवल नाही. पेरू-डाळिंबाची हौस घरातल्या कुंडीवरच भागवावी लागते. सास्काटून मात्र इथल्याच मातीतलं झुडूप, उणे चाळीसलाही तगतं. जुलैत जांभळी गोड फळं धरतात, बी चावली की बदामाची चव येते. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा थेट करवंदाच्या जाळीत शिरल्यासारखं वाटलं, आणि त्याच भरात मी फसले.

२०२१च्या एप्रिलात एका जाहिरातीत ‘स्मोकी’ जातीची सहा रोपं दिसली, एकेक ३५ डॉलरला. आमच्याच प्रांतातल्या बीव्हरलॉज गावच्या संशोधन केंद्राने १९५२ साली आणलेली ही गोड फळांची जात. नाव वाचूनच मी विरघळले. विकणारा म्हणाला, गिऱ्हाइकं रांगेत आहेत, आधी पैसे पाठवा. पाठवले, २१० डॉलर! मग एका पार्किंगात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा काड्या हातात पडल्या. ना कुंडी, ना जातीची चिठ्ठी, ना पावती. एप्रिलात इथे झाडांना पानच नसतं, त्यामुळे काडीवरून मला काय डोंबल कळणार! त्याने तोच मोका साधला होता.

मेअखेर तकतकीत पानं फुटली. फळायला तीन-चार वर्षं लागतात हे ठाऊक होतं, म्हणून निमूट पाणी, खत, हरणांसाठी जाळी, सगळं केलं. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये बारीक गुलाबीसर फुलं आली. सास्काटूनची फुलं पांढरी असतात आणि मेमध्येच येतात, पण मी आनंदात. सप्टेंबरात काळी फळं धरली. शेजारच्या आजोबांनी एक चावून थुंकलं.

“अगं, हे कोटोनिअ‍ॅस्टर. माझं कुंपण त्याचंच आहे!”

त्यांनी पान समोर धरलं. सास्काटूनच्या पानाला टोकाकडच्या अर्ध्या भागात करवतीसारखे दाते असतात, याची कड सलग. पहिल्याच महिन्यात एवढं बघायला हवं होतं. तेव्हा तुम्ही तरी पानं फुटलेलं, कुंडीतलं, चिठ्ठी लावलेलं रोपच घ्या आणि पैसे ते हातात आल्यावर द्या. मी बँकेत विचारलं, तर विकणाऱ्याने पैसे उचललेले, ते परत मिळणार नव्हते. फोन बंद, जाहिरात गायब.

चार झुडपं उपटली, दोन ठेवली. हिवाळ्यात वॅक्सविंग पक्ष्यांचा थवा त्यांची काळी फळं फस्त करतो. उपटलेल्या जागी यंदा दोन सास्काटून लावली आहेत, पानं भिंगातून बघून.