एलसीएसी की एल-कॅट?

रणगाडा जहाजावरून किनाऱ्यावर न्यायला अमेरिकेचं हवेच्या गादीवर चालणारं हॉवरक्राफ्ट एलसीएसी बरं, की फ्रान्सची कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, एल-कॅट?

वेगात एलसीएसीच पुढे: सुमारे 60 टन लादून 40 नॉट (ताशी सुमारे 74 किमी). एल-कॅट 80 टन उचलते, पण भरल्यावर वेग 18 नॉटच्या आसपास. रिकामी मात्र 30.

खरा फरक किनाऱ्यावर. एलसीएसी रबरी झालरीत हवा कोंडून वाळू-चिखलावरून थेट आत शिरते. एल-कॅट मधला फलाट खाली सोडून सपाट तळाची होते आणि पाण्याच्या कडेलाच थांबते.

देखभालीत एलसीएसी म्हणजे पांढरा हत्ती. चार गॅस टर्बाइनची इंधनाची भूक, खारा फवारा, फाटणारी झालर, आणि कानठळ्या! एल-कॅटला डिझेल इंजिनं पुरतात.

दलदलीचा, उथळ किनारा आणि हाताशी पैसा असेल तर एलसीएसी. बरी पुळण आणि आखडता हात असेल तर एल-कॅट.