एकवीस अंकी संख्येची कुंडली मांडणारी ऑनलाइन सेवा : एक परीक्षण

कोणतीही पूर्ण संख्या लिहिली की तिचे मूळ अवयव, विभाजक, अंकांची बेरीज, द्विमान रूप (० आणि १ या दोनच अंकांत लिहिलेले) अशी सगळी माहिती एका पानावर मांडणारी एक ऑनलाइन सेवा मी गेला महिनाभर वापरत आहे. लहान संख्यांवर अशी कोणतीही सेवा चोखच वाटते; म्हणून परीक्षेसाठी मी १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या निवडली. एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंतची अठरा स्थाने संपली, तरी हिचे तीन अंक उरतातच.

ही संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. फ्रेंच गणिती मेर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युकाने ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण तिचे अवयव मात्र त्याच्याही हाती लागले नव्हते. ते १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे ते दोन अवयव या सेवेने सेकंदभरात दाखवले. याहून मला आवडली ती अवयवांखालची छोटी ओळ : घातांक विषम मूळ असेल, तर अशा संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला घातांकाच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ उरते. येथे ती दुप्पट १३४ आहे. मी कागदावर १९३७०७७२० ला १३४ ने भागून पाहिले, तेव्हा १४४५५८० असा निःशेष भागाकार आला. उत्तराबरोबर ते पडताळण्याची वाटही दाखवणे, हा या सेवेचा खरा गुण आहे.

विभाजक चारच असल्यामुळे त्या भागात पाहण्यासारखे फारसे नाही. संख्या स्वतः वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज ७६२०३१९६५००९ येते, म्हणजे ही न्यून संख्या (जिच्या अशा विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरते ती) झाली, आणि तेही अगदीच न्यून. द्विमान रूपातले ६७ एक मात्र सलग छापले आहेत. ते मोजताना मी दोनदा चुकलो. चार-चारांचे गट पाडले असते तर बरे झाले असते.

आता दोषांकडे वळतो. ‘झटपट तपासणी’ हा पर्याय निवडल्यास याच संख्येला ‘बहुधा मूळ’ असा शेरा मिळतो. ही तपासणी फर्माच्या कसोटीवर (संख्या मूळ असेल, तर तिच्याहून लहान पायाचा तितकाच घात करून तिने भागल्यावर बाकी पायाच उरतो), तीही केवळ २ हा पाया घेऊन चालते; आणि २ चा मूळ घात वजा १ या रूपातली प्रत्येक संख्या, संयुक्त असली तरी, त्या पायावर हमखास उत्तीर्ण होते. ‘बहुधा’ या शब्दामुळे शेरा खोटा ठरत नाही हे खरे, तरी ही मर्यादा सांगायला हवी होती आणि पाया बदलण्याची सोयही द्यायला हवी होती.

दुसरा दोष मात्र अक्षम्य आहे. जतन केलेली नोंद दुसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा अंकांची बेरीज १०९ ऐवजी ८९ दिसली. २ च्या घातांना ९ ने भागल्यावरच्या बाक्या दर सहा घातांनी पुन्हा त्याच क्रमाने येतात, म्हणून ६७ व्या घाताची बाकी २ आणि आपल्या संख्येची १ असायला हवी. १०९ ची बाकी १ येते, ८९ ची ८. नीट पाहिले, तर नोंदीतली संख्याच १४७५७३९५२५८९६७६४१०००० झाली होती आणि तिच्या अवयवांत २ व ५ आरामात बसले होते! कारण ओळखीचे आहे : नोंद ठेवताना संख्या दशांश चिन्हाच्या संख्यांसाठीच्या ६४ बिटांच्या साच्यात घातली जात असावी. त्या साच्यात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्ण संख्या अचूक मावत नाही.

तक्रार कळवली आहे. तोवर जुनी नोंद उघडण्याऐवजी मी संख्या दर वेळी नव्याने चिकटवतो आणि बाकी काही वाचण्याआधी बेरीज १०९ आली आहे ना, ते पाहतो.