नियोडिमियम की समारियम? चुंबक निवडण्यापूर्वी
मोटर, पंप किंवा मोजमापाचे उपकरण बनवणारा माणूस कायमस्वरूपी चुंबक निवडताना बहुधा आधी ताकदीचा आकडा पाहतो. माझ्या मते पहिला प्रश्न तापमानाचा असावा, कारण नियोडिमियम-लोह-बोरॉन आणि समारियम-कोबाल्ट या दोन विरल मृदा (रेअर अर्थ) चुंबकांमधला खरा फरक उष्णतेतच उघड होतो.

खोलीच्या तापमानाला नियोडिमियमचा चुंबक निःसंशय वरचढ ठरतो. त्याचा ऊर्जा गुणाकार, म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप, ५० मेगागाउस-अर्स्टेडच्या पुढे जाऊ शकतो, तर समारियम-कोबाल्टचा साधारणतः १६ ते ३२ इतका असतो. त्यामुळे त्याच कामाला नियोडिमियमचा लहान आणि हलका तुकडा पुरतो. मात्र त्याची साधी प्रत (ग्रेड) सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाची असते, आणि ती मर्यादा ओलांडल्यावर गेलेले चुंबकत्व चुंबक थंड झाल्यावरही पूर्णपणे परत येत नाही. डिस्प्रोसियम हा आणखी एक विरल मृदा धातू मिसळून ही मर्यादा २०० अंशांच्या आसपास नेता येते, पण त्याबरोबर किंमतही वाढते. समारियम-कोबाल्टच्या चांगल्या प्रती ३०० अंशांनाही टिकून राहतात. शिवाय तापमान १०० अंशांनी वाढले तर नियोडिमियमच्या चुंबकाचे क्षेत्र ११-१२ टक्क्यांनी आणि समारियमच्या चुंबकाचे अवघ्या ३-४ टक्क्यांनी घटते. अचूक मोजमाप हेच ज्या उपकरणाचे काम आहे, त्याच्यासाठी केवळ एवढे कारण पुरेसे आहे.

नियोडिमियमच्या चुंबकात लोहाचा वाटा मोठा असल्याने तो गंजतो आणि त्याला निकेलचा किंवा इपॉक्सीचा थर द्यावाच लागतो. समारियमच्या चुंबकाला बहुधा अशा थराची गरज भासत नाही, पण तो अधिक ठिसूळ असल्याने बसवताना त्याचे कोपरे सहज उडतात.

दोन्ही धातू एकोणिसाव्या शतकात सापडले: समारियम १८७९ मध्ये बोआबोद्राँ यांना पॅरिसमध्ये, तर नियोडिमियम १८८५ मध्ये आउअर फोन वेल्सबाख यांना व्हिएन्नात. चुंबक म्हणून समारियम आधी आले, १९६० च्या दशकात. पुढे १९७८ मध्ये कोबाल्टचा मोठा उत्पादक असलेल्या झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) संघर्षामुळे कोबाल्टचे भाव कडाडले आणि कोबाल्टविना चालणाऱ्या चुंबकाचा शोध निकडीचा झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे नियोडिमियमचा चुंबक घडवला. समारियम-कोबाल्ट आजही महाग आहे, त्यामागेही मोठे कारण कोबाल्टच आहे.

पुरवठ्याचा विचार टाळता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने ज्या विरल मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्यांत समारियम आणि डिस्प्रोसियम होते, नियोडिमियम नव्हते; म्हणजे उष्णता सोसणारे दोन्ही पर्याय अडचणीत आले. विशाखापट्टणम येथे आयआरईएल (पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स) या सरकारी कंपनीचा समारियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना आहे, पण त्याची नियोजित क्षमता वर्षाला ३,००० किलोच आहे.

काम ८० अंशांखाली आणि कोरड्या जागी होणार असेल, तर समारियमवर जादा पैसे घालवू नयेत. २०० अंशांच्या वर मात्र नियोडिमियमचा विचारच करू नये. अवघड निर्णय मधल्या पट्ट्यातला आहे. तेथे पुरवठादाराकडून त्या नेमक्या प्रतीचा, प्रत्यक्ष कामाच्या कमाल तापमानाला मोजलेला विचुंबकन आलेख (चुंबकत्व कधी कायमचे घटू लागते हे दाखवणारा) मागून घ्यावा आणि तो हाती येईपर्यंत मागणी नोंदवू नये.