पहिला रेडिओ कोणता घ्यावा? फ्लायस्काय, रेडिओमास्टर की स्पेक्ट्रम-फुटाबा

पहिलं मॉडेल विमान फार दिवस टिकत नाही. कुठल्या तरी बांधावर नाक घासतं, नाहीतर पंख मोडून घरी येतं. दुसरं त्याच्यापेक्षा थोडं जास्त चालतं. हातातला रेडिओ, म्हणजे ट्रान्समीटर, मात्र या सगळ्यांना पुरून उरतो. म्हणून विमानावर करता त्याहून जास्त विचार रेडिओवर करा.

शिरपूर, फैजपूर, धुळे, जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं प्रोजेक्टसाठी विमान बनवायला घेतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न चॅनेलचा (विमानाचा एकेक भाग हलवायच्या वेगळ्या वाटेचा) असतो: सहा पुरतील की दहा लागतील? शेतात उडवायला गेलात की जमलेल्या मंडळींचा प्रश्न वेगळा: "काय भो, किती लांब जातं हे?" माझ्या मते खरेदी करताना हे दोन्ही प्रश्न मागच्या बाकावर बसवावेत. शिकण्याच्या विमानाला चारच चॅनेल लागतात: एलेरॉन (पंखांवरच्या फळ्या, विमान डावी-उजवीकडे कलवायला), एलिव्हेटर (शेपटीची आडवी फळी, नाक वर-खाली करायला), थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर (शेपटीची उभी फळी, नाक वळवायला). फ्लॅप्स नि एखादा लाइट जोडला तरी सहात भागतं. आणि लांबीचं म्हणाल, तर मीटरभर पंखांचं विमान चारशे-पाचशे मीटरवर गेलं की ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय हेच डोळ्यांना कळत नाही. तेवढ्या अंतरात इथे सांगितलेला प्रत्येक रेडिओ निवांत पोचतो.

विचारायचं ते हे: पुढचे रिसीव्हर, म्हणजे रेडिओचा हुकूम ऐकणारे विमानातले डबे, केवढ्याला पडतील, शिकवणार कोण, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हा डबा टिकेल का.

रिसीव्हरचा हिशोब

रेडिओ एकदाच घ्यायचा असतो, रिसीव्हर प्रत्येक विमानात एक. कंपनीची भाषा वेगळी, म्हणून एकाचा रिसीव्हर दुसऱ्याला चालत नाही. फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए, स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स, फुटाबाची टी-एफएचएसएस, रेडिओमास्टरवर हल्ली बहुतेक ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस). सगळ्या २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत. म्हैस स्वस्तात मिळाली नि वैरण महाग पडली, असं होऊ नये एवढंच बघायचं. स्पेक्ट्रमच्या एका ब्रँडेड रिसीव्हरच्या पैशांत फ्लायस्कायचे तीन-चार येतात. तीन विमानं झाली की हा फरक रेडिओच्या मूळ किमतीला गाठतो.

फ्लायस्काय एफएस-आय६

भारतात नवशिक्याच्या हातात सगळ्यात जास्त दिसतो तो हाच. सहा चॅनेल, वीस मॉडेल लक्षात ठेवतो आणि रिसीव्हर बहुधा सोबतच येतो. एफएस-सीटी६बी नावाचा आणखी स्वस्त भाऊ बाजारात भेटतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याला स्क्रीनच नाही. चॅनेल उलटा करायचा तरी कॉम्प्युटर जोडावा लागतो, आणि शेतात कॉम्प्युटर कोण नेणार?

आय६ सुरू केला की थ्रॉटल पूर्ण खाली आणि चारही स्विच वर असावे लागतात. एकही खाली राहिला तर तो बीप-बीप करत बसतो नि पुढे जात नाही. पहिल्या दिवशी मुलांना वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं, मोटर अचानक फिरू नये म्हणून ठेवलेलं कुलूप आहे. डेल्टा किंवा फ्लाइंग विंग (आडवी शेपटी नसलेलं विमान) बनवणार असाल तर एलेव्हॉनचं मिक्सिंग, म्हणजे एलेरॉन नि एलिव्हेटरचा हुकूम एकाच फळीवर मिसळणं, आतच आहे, व्ही आकाराच्या शेपटीचंही (व्ही-टेल), वर आणखी तीन मिक्स आपले आपण बांधता येतात. प्रोजेक्टच्या विमानाला याहून जास्त क्वचितच लागतं.

घेताना रिसीव्हर एफएस-आयए६बी आहे ना ते बघा. शेवटचा 'बी' महत्त्वाचा. त्यात टेलिमेट्री आणि आय-बस असतं, म्हणजे रिसीव्हरला मिळणारा व्होल्टेज हातातल्या स्क्रीनवर दिसतो. मोटरच्या बॅटरीचा व्होल्टेज हवा असेल तर सेन्सर वेगळा लावावा लागतो.

चालतो चार पेन्सिल सेलवर. चोपड्याच्या बाजारातून परतताना लक्षात आलं की सेल संपलेत, तर रस्त्यावरच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. हा गुण कुठल्या जाहिरातीत लिहिलेला नसतो.

उणी बाजूही सांगतो. स्टिकच्या आत साधे पोटेन्शिओमीटर (घासत फिरून स्टिकची जागा ओळखणारे भाग) आहेत. त्यांची झीज होते, धूळ गेली की मधली जागा थरथरू लागते. आय६ बोलत नाही, फक्त बीप करतो. आणि कॉम्प्युटरवर सिम्युलेटर खेळायचा तर मागच्या गोल पोर्टसाठी वेगळी केबल आणावी लागते.

रेडिओमास्टर: पॉकेट, बॉक्सर, टीएक्स१६एस

दुसरा प्रश्न होता शिकवणार कोण. पुण्या-मुंबईत रविवारी मैदानावर चार जाणती माणसं भेटतात, तुमच्या रेडिओला दुसरा रेडिओ जोडून शिकवतात. आपल्याकडे बहुतेकांना एकट्यानेच शिकावं लागतं. अशा वेळी खरा गुरू म्हणजे सिम्युलेटर, आणि तिथे रेडिओमास्टर आय६च्या पुष्कळ पुढे आहे. यूएसबी-सी वायर लॅपटॉपला लावली की रेडिओ जॉयस्टिक म्हणून ओळखला जातो. पिकासिमसारखं साधं सिम्युलेटर घातलं की झालं. विमान तोंडावर येत असताना उजवं-डावं उलटं होतं, ती गफलत घरात बसून शंभरदा करून घ्यावी. बाहेर केली तर फोम शीट पुन्हा कापायला बसावं लागतं.

तिन्ही रेडिओमास्टर एजटीएक्स नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात. एजटीएक्समध्ये काहीही बांधता येतं आणि बहुतेक सगळं स्वतःच बांधावं लागतं. मोटर बंद ठेवणारा थ्रॉटल कटचा स्विचसुद्धा. ज्याला मेन्यूत खोल शिरायची आवड आहे त्याला मजा येते. ज्याला फक्त उडवायचंय त्याचे पहिले काही दिवस वैतागाचे जातात. पण बोलतो छान: बॅटरी उतरली, टायमर संपला, सिग्नल कमी झाला, सगळं कानावर घालतो, नजर विमानावरून काढावी लागत नाही.

पॉकेट लहान आणि स्वस्त. रिसीव्हर वेगळा घ्यावा लागतो हे धरून बजेट करा. स्टिक काढून बाजूला ठेवता येतात, कॉलेजच्या बॅगेत मावतो. बॉक्सर हाताला भरीव. टीएक्स१६एस मोठा, ४.३ इंची रंगीत टचस्क्रीनचा, सोळा चॅनेलचा. हा रंगीत स्क्रीन खोलीत सुरेख दिसतो, पण अकरा वाजताच्या उन्हात त्याच्यावर हाताची सावली धरून वाचावं लागतं. बॉक्सर, पॉकेट आणि आय६चे साधे स्क्रीन उन्हात जास्त कामाचे.

घेताना एक खाच सांभाळा. हे रेडिओ वेगवेगळ्या मॉड्यूलसह (सिग्नल पाठवणाऱ्या भागासह) येतात. टीएक्स१६एस ईएलआरएसचाही मिळतो आणि फोर-इन-वन मॉड्यूलचाही. फोर-इन-वनमध्ये चार वेगळ्या रेडिओ चिप असतात. त्यातली ए७१०५ फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए बोलते, दुसरी डीएसएमएक्स, तिसरी फुटाबाची एस-एफएचएसएस. म्हणजे आज आय६ घेऊन तीन-चार विमानांत आयए६बी बसवले असतील, आणि दोन वर्षांनी मोठा रेडिओ घ्यावासा वाटला, तर जुने रिसीव्हर फेकायची गरज नाही. मला ही वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते.

ईएलआरएस घेतलं तर रिसीव्हर निवडताना दोनदा बघा. बाजारातले नखाएवढे स्वस्त ईएलआरएस रिसीव्हर ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरसाठी (ड्रोन सांभाळणाऱ्या सर्किटसाठी) असतात. त्यांना सर्वो (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) लावायच्या पिना नसतात. विमानाला पीडब्ल्यूएम (सर्वोला थेट समजणाऱ्या सिग्नलच्या) आउटपुटचा लागतो, रेडिओमास्टरचे ईआर५ए, ईआर६, ईआर८ त्यातले. रेडिओ आणि रिसीव्हरवरची ईएलआरएसची मुख्य आवृत्तीही एकच हवी. एकावर २ आणि दुसऱ्यावर ३ असली तर बाइंड होणार नाही, म्हणजे दोघांची जोडी जुळणार नाही.

स्पेक्ट्रम आणि फुटाबा

माल चांगला, यात वाद नाही. फुटाबाच्या स्टिकचा हात वेगळाच. स्पेक्ट्रमचे काही रिसीव्हर विमान आपोआप सरळ करणाऱ्या सेफ प्रणालीसह येतात, नवशिक्याला ते खरोखर वाचवतं. बाइंड-अँड-फ्लाय जातीचं (रिसीव्हर आत बसवूनच येणारं) तयार विमान घेणार असाल, तर स्पेक्ट्रमचा विचार करायला जागा आहे. नाहीतर रिसीव्हरचा हिशोब आधी सांगितलाय तो पुन्हा वाचा. फोम शीट आणून विमान घरी कापणाऱ्या माणसाने पहिला रेडिओ म्हणून यांच्याकडे जायचं कारण मला दिसत नाही.

ऊन, धूळ, केळी

शहरातला कुठलाही दुकानदार सांगणार नाही ते आता. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादाही तेवढीच असते. रेडिओमास्टरमध्ये १८६५० जातीचे असेच सेल असतात. दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावू नका, रात्री लावा. आणि ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल दिसले तर हात जोडा. या आकाराचा खरा चांगला सेल साधारण ३५०० पर्यंतच जातो.

धुळीचं उत्तर हॉल सेन्सरचे गिंबल (स्टिकची बैठक). त्यांत घासणारा भागच नाही, चुंबकाने जागा ओळखतात. काळ्या मातीची भुकटी वर्षभर उडणाऱ्या मुलखात हा फरक स्टिकच्या आयुष्यात दिसतो. रेडिओमास्टरच्या तिन्हींत हॉल गिंबल आहेत, आय६मध्ये नाहीत. आय६ घेतलात तर डब्यात ठेवा आणि मोकळा गाडीच्या टपावर ठेवू नका, एवढंच.

रावेर-यावलकडे उडवणार असाल तर केळीचा बाग सिग्नलला नडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि केळीचं झाड म्हणजे बहुतांश पाणीच. विमान बागेच्या मागे खाली उतरलं की सिग्नल पटकन पडतो, मग रेडिओ कितीही महागाचा असो. विमान बागेच्या अलीकडे ठेवा, ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानावर रोखू नका (टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो) आणि रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर त्या काटकोनात बसवा.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की विमानाने काय करायचं ते आधी ठरवून ठेवणं, सगळ्यांत आहे, पण आय६मध्ये तो आरएक्स (रिसीव्हर) सेटअपच्या मेन्यूत जाऊन स्वतः चालू करावा लागतो. थ्रॉटल शून्य, बाकी मध्यावर. मग प्रॉपेलर काढून, मोटर हळू फिरवत ठेवून ट्रान्समीटर बंद करा. रिसीव्हर चालू असताना आय६ बंद व्हायला कुरकुर करत असेल तर सेलच काढा. मोटर थांबली तर ठीक. नाही थांबली तर विमान त्या दिवशी उडवायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झला भारतात परवाना लागत नाही. परदेशी साइटवर ९१५ मेगाहर्ट्झचं ईएलआरएस दिसेल, ते आपल्याकडे चालत नाही. परवान्याविना मोकळा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा आहे. परदेशातून थेट मागवलेला ट्रान्समीटर कस्टममध्ये अडकू शकतो, कारण वायरलेस उपकरणाला मंजुरी लागते. देशातल्या विक्रेत्याकडून घेतलेला बरा. उडवायची जागा डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर पाहून ठरवा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीविना २०० फुटांपर्यंतच जाता येतं, आणि जळगावचा विमानतळ चालू आहे. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ पायलट खरी विमानं उडवतात, तिथून लांबच राहा.

मग घ्यायचा कोणता? पहिलंच विमान, हात आखडता, आणि नाद टिकेल की नाही याची खात्री नाही: आय६ आणि आयए६बी. लॅपटॉप आहे, महिनाभर सिम्युलेटरवर घासायची तयारी आहे, मेन्यूंची भीती नाही: पॉकेट, सोबत ईआर६. कॉलेजच्या टीममध्ये आधीच फ्लायस्कायचे रिसीव्हर पडलेत आणि पैसे कॉलेज देतंय: टीएक्स१६एस फोर-इन-वन. आणि गावात आधीच कुणी उडवणारा असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून तो वापरतो तोच घ्या. मोडही त्याचाच. आपल्याकडे बहुतेक मोड २ चालतो, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला.

जुना घेणार असाल तर आय६च्या डिस्प्ले मेन्यूत चॅनेलच्या पट्ट्या उघडा. स्टिक सोडल्यावर पट्टी मधोमध स्थिर राहते का बघा, मग एकेक स्टिक अगदी सावकाश कडेपर्यंत न्या. मध्येच पट्टी उडी मारत असेल तर पोटेन्शिओमीटर गेलाय. सेलचा कप्पा उघडून स्प्रिंगवर हिरवट गंज आहे का पाहा. विकणाऱ्याला समोरच रिसीव्हर बाइंड करून दाखवायला लावा, आणि पैसे त्यानंतर द्या.